सरासरी तीन पूर्णांक आठ

टॉडमॉर्डनला घर घेतलं त्याच आठवड्यात
अच्युत म्हणाला, इथं वारं फुकट आहे.
रात्रभर शीळ घालायचं ते
मागच्या खोलीत, जिन्यात, दारावरच्या पत्रांच्या फटीतून,
कधी कोंडलेल्या कुत्र्यासारखं,
कधी बासरी नुकती हातात आलेल्या पोरासारखं.

समोरच्या माथ्यावर पांढऱ्या पवनचक्क्या,
न्हाऊन केस वाळवत उभ्या असल्यासारख्या.
त्यांच्याकडे बघत हा चहा प्यायचा,
म्हणजे चहा निवायचा.
एक आपल्या परसात, म्हणायचा,
जणू कढीपत्त्याचं रोप लावायचंय.

मी तेहतीस वर्षं इस्पितळाच्या हिशेबखात्यात काढली.
मी म्हटलं, आधी मोजू.

मग परसात खांब, खांबावर तीन वाट्या,
वाऱ्यानं फिरणाऱ्या,
आणि रोज सकाळी सातला माझी वही.
पाखरांना काय घालता त्यात,
शेजारच्या डोरीन ग्रीनवुडनं कुंपणावरून विचारलं.
अजून काही नाही, मी म्हटलं.

नोव्हेंबरात एकदा चौदा.
कचऱ्याचा डबा उडून कालव्यात गेला
आणि हा पायजम्यावर परसात, हात पसरून,
चौदा! चौदा!
त्यानंतर नऊ दिवस धुकं,
दरीत दही लागावं तसं.
शून्य. एक. शून्य. शून्य.
दीड. (दीड लिहिताना बरं वाटलं.)

जूनमध्ये कंपनीचा क्रेग आला.
विकायला आलेला माणूस, पण सरळ.
खिशातून रिबीन काढून खांबाला बांधली.
रिबीन इकडे गेली, तिकडे गेली,
मध्येच गिरकी घेऊन खांबालाच गुंडाळली.
क्रेग म्हणाला, ही चिमणी, ते छप्पर, शेजारचा सायकमोर,
सगळ्यांना आपटून येतं तुमचं वारं.
इथं पोचेस्तोवर दमलेलं असतं.

रात्री मी स्वयंपाकघरात आकडे मांडले.
वारं दुप्पट तर वीज आठपट, हे अच्युतला पाठ होतं.
वारं निम्मं तर वीज आठवा हिस्सा,
हे त्याच गणितात होतं
पण तो त्या बाजूनं कधी आला नव्हता.
वर्षाची सरासरी तीन पूर्णांक आठ.
अकरा हजार पौंड फिटायला सदतीस वर्षं.
तू तेव्हा एकशे पाच, मी म्हटलं,
आणि चक्कीचं आयुष्य वीस.
कागद उलटा करून त्यानं मागची बाजूही पाहिली.

सायकमोर तोडला तर?
खिडकीतून डोरीनचं परस दिसत होतं.
त्या झाडाला बांधलेली दोरी,
दोरीवर विसरलेला एकच टॉवेल.
प्रश्न टेबलावर तसाच राहिला,
सकाळी मी त्यावरून फडकं फिरवलं.

एक सांगायचं राहिलं.
निघताना अच्युतनं क्रेगला विचारलं होतं,
मग एवढा आवाज कशाचा येतो रात्रभर?
क्रेगनं खिडकीच्या चौकटीवरून तळहात फिरवला,
ताप बघतात तसा.
वारं मोठं नाही, म्हणाला. फट बारीक आहे.

ऑगस्टभर आम्ही फटी बुजवल्या.
रबराच्या पट्ट्या, पोटीन, दाराखाली ब्रश,
एकूण दोनशे चाळीस पौंड.
हिवाळ्यात गॅसचं बिल पाचव्या हिश्शानं उतरलं,
तो आकडा मी लाल शाईनं लिहिला.
वही अजून चालू आहे. का, ते विचारू नका.

पण पट्ट्या लावल्या त्या पहिल्या रात्री
घर असं गप्प झालं
की दोघंही जागे.
तीनच्या सुमाराला तो उठला, जिना उतरला.
मी वरून पाहिलं, अंधारात दाराशी वाकून
पत्रांच्या फटीची झडप बोटानं उचलून धरलेली.
काय करतोस?
काही नाही, म्हणाला. बघतो, आहे का.

किती, मी विचारलं.