वाक्यातला कर्ता

बी.ए.ला जायचं ठरलं तेव्हा बाबांनी
मकरपुऱ्याहून सायकल मारत येऊन, घासलेटने हात धुता धुता
एवढंच विचारलं: तिथून बाहेर पडल्यावर
तुला काय करता येईल?
दादाला वेल्डिंग येत होतं. समोरच्या दक्षाबेनला टायपिंग.
मी म्हटलं, विचार करता येईल.
ते हसले. तो तर मी प्रेसवर उभा राहून फुकट करतो.

फी भरली मात्र त्यांनीच. पावती
देव्हाऱ्यामागे खोचली, रेशनकार्डाला चिकटून.

फत्तेगंजपलीकडचं कॉलेज, बुचाची झाडं,
आणि फादर उर्रुतिया, चाळीस वर्षांपूर्वी बोटीने आलेले;
गुजराती सुरेख, मराठी आमच्याकडून उसनी,
खुर्ची कधी तो, कधी ती,
पण तर्कशास्त्रात एका शब्दाची हयगय नाही.
पहिल्याच आठवड्यात आम्हाला विश्वामित्रीच्या पुलावर उभं केलं:
तासभर बघा. दिसेल तेवढंच लिहा.
मी लिहिलं, मगर.
वही परत आली. मगर दिसली?
नाही फादर, पाण्यावर दोन उंचवटे दिसले.
मग ते लिही. मगर ही तुझी भीती आहे;
खरीही असेल, पण ती वेगळ्या ओळीत लिही.

तीन वर्षं असंच. संस्कृत, थोडं वनस्पतिशास्त्र,
आणि वादसभेत त्यांचा तो छळकुटा नियम:
समोरच्याचं म्हणणं आधी तू मांड,
तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत मांड,
मगच खोड.
अर्धे वाद तिथेच मरायचे.
घरी बाबा विचारायचे, आज काय शिकलीस?
मी सांगायला लागले की त्यांचे डोळे मिटायचे.

शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत, दुसऱ्या पाळीला
प्रेसने त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली.

कंपनीचा कागद आला, टाइप केलेला:
गार्ड काढलेला होता. हात आत गेला.
बेदरकारी सिद्ध होते.
दादा म्हणाला, सही करून टाकू, मिळतंय ते घेऊ.
मी तो कागद तीनदा वाचला.
फादर फळ्यावर क्रियापद लिहायचे आणि
खडू हवेत धरून थांबायचे: कर्ता कुठाय?
गार्ड काढलेला होता. कोणी?
हात गेला. म्हणजे वीज जाते, तसा?
आमच्या घरचा कर्ता खाटेवर होता
आणि कागदात कर्ताच नव्हता.

चौकशीला बाबांबरोबर मी गेले. टेबलाशी तिघे,
कोपऱ्यात फोरमन घनश्यामभाई, मान खाली.
ओरडायचं पाठ करून आले होते;
तोंड उघडलं तर तो छळकुटा नियमच बाहेर पडला.
म्हटलं, आधी घनश्यामभाईंची बाजू सांगते.
पाळीला नऊशे नगांचं टार्गेट.
गार्ड लावला तर सहाशे होतात.
वरून रोज विचारणा. घरी दोन मुली.
चुकलं असेल तर सांगा.
पंखा फिरत होता. कोणीतरी चहा ढवळत राहिलं.
घनश्यामभाई म्हणाले, साडेसहाशे, बेन.
मग बऱ्याच वेळाने: गार्ड में काढेलो. उपरथी कीधेलुं.

पुढे सगळं गोड झालं असं नाही.
मागितलं त्याच्या निम्मं मिळालं, तेही दोन वर्षांनी.

घनश्यामभाईंची नोकरी गेली.
हे मी वेगळ्या ओळीत लिहिते.

बाबा आता डाव्या हाताने सही करतात,
शितोळे मधला ळ दर वेळी नवा.
परवा रिक्षातून पूल ओलांडताना म्हणाले,
ती बघ मगर.
मी काहीच बोलले नाही.
सिग्नल येईस्तोवर ते गप्प. मग जरा चिडूनच:
बरं बाई, दोन उंचवटे.