ओलं फडकं

झाडू नकोस, निनाद. ओल्या फडक्यानं पूस.
हवेची नळी तर खाली उतरवूच नकोस,
तिला गाठ मीच मारून ठेवली आहे.

हे तांबंच आहे, पण निव्वळ तांबं नाही.
शंभरात दोन भाग बेरिलियम.
तेवढ्यानं त्याला पोलादाचा ताठा येतो,
लाख वेळा वाकवलेली पट्टी पुन्हा जागेवर.
याच्या हातोड्याची ठिणगी पडत नाही,
म्हणून गॅसच्या टाकीजवळ हाच नेतात.
अखंड आहे तोवर हातात धर, काही करत नाही.
घासलंस, की श्वासात शिरतं.

जुने रसायनशास्त्रज्ञ क्षार जिभेवर ठेवून बघत.
याचे गोड लागले म्हणे.
तू बघू नकोस.

रत्नाकर तांबट याच यंत्रावर होता, अकरा वर्षं.
आजोबा तांबट आळीत ठोके घालून हंडे घडवायचे,
गंगेवर आलेले यात्रेकरू त्यांचेच गडू भरून नेत.
तांब्याला काय भ्यायचं, तो म्हणे,
आमच्या घरात पाणीसुद्धा त्यातलंच.
सुट्टी झाली की नळी फिरवायचा अंगभर,
आणि पांडवलेण्याकडून आलेल्या तिरप्या उन्हात
त्याच्याभोवती क्षणभर सोनेरी धुकं.
मला ते सुंदर वाटायचं.
हेही कुणाला तरी सांगायला हवं होतं.

त्याला काही झालं नाही.

सिडकोतल्या दोन खोल्यांत कुमुदिनी
मोरीत बसून त्याचे कपडे आधी झटकायची, मग भिजवायची.
अंबडच्या या फाटकातून ती कधी आत आली नव्हती.
खोकला. आधी टीबीच्या गोळ्या, नऊ महिने.
मग मुंबईचे डॉक्टर, त्यांचा पहिलाच प्रश्न:
मिस्टर काय काम करतात?
दोन जिने चढताना ती चारदा थांबे
आणि शेजारणींना सांगे, पिशवी जड आहे आज.

स्टोअरच्या माझ्या वहीत तेव्हा दोनच रकाने,
आलेला माल, गेलेला माल.
अंगावरून गेलेला कुठे मांडायचा
मला कुणी शिकवलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

तर, दाढी काढ. मुखपट्टी केसांवर नीट बसत नाही,
लग्नात वाढव हवी तेवढी.
कपडे या पिशवीत टाक, तोंड बांध, धुवायला इथूनच जातील.
चपला वेगळ्या. डबा पलीकडच्या खोलीत.
नखं बघू.

आता आंघोळ कर, डोक्यावरून.
साबण ठेवलाय. पाणी गरम आहे का बघ.
घरी गेल्यावर
तुझ्या केसांतून कुणीतरी हात फिरवेल.