चार फूट दोन इंच

माझं काम अंतर मोजायचं.
टेपचं एक टोक कॅमेऱ्याच्या हुकाला,
दुसरं नटीच्या डोळ्यापाशी न्यायचं, तिला न लागता,
आणि वहीत लिहायचं:
शॉट सात. कप दोन फूट. डोळा चार फूट दोन इंच.

सिनेमा त्या कपाबद्दलच होता.
एरंडवण्यातला तळमजला, कामाच्या बाईचा स्टीलचा कप
खिडकीच्या कठड्यावर वेगळा, उपडा घातलेला.
आसावरीनं कॅमेरा ओट्याच्या उंचीला लावला,
मालकिणीचे नुसते हात दिसतील असा.
"चेहरा दिसला की माणूस माफ करून टाकतो," ती म्हणाली.
मला पटलं. अजून पटतं.

आधी कप स्पष्ट, मग हळूहळू बाईचा डोळा.
अकरा सेकंदांत मला रिंग फिरवायची होती,
श्वास धरून, एका दमात.
संवाद नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली की कट.

खिडकीबाहेर मात्र काही हलत नव्हतं.
"मागे हालचाल हवी," आसावरी म्हणाली,
तेव्हा गल्ली झाडणाऱ्या एकाला विचारलं, जरा इथेच झाडाल का.
त्यानं झाडलं.
नऊ टेक झाले. दर टेकनंतर
आमचा पोरगा गोळा झालेली सोनमोहराची फुलं
परत पसरून यायचा,
कारण मागच्या शॉटमध्ये ती होती.
तो माणूस बाजूला उभा राहून
झाडलेला रस्ता पुन्हा पिवळा होताना बघायचा.
मग चहा आला. सगळ्यांना कागदी कप,
त्यामुळे प्रश्नच आला नाही.

लॉ कॉलेज रोडच्या मागच्या लहान हॉलमध्ये
साठ खुर्च्या, त्यातल्या चाळीस भरलेल्या.
एका काकांनी हात वर करून
प्रश्न नसलेला प्रश्न विचारला, सात मिनिटं.
कपाचं प्रतीक. चौकटीबाहेरची सत्ता.
कुणीतरी माझ्या फोकसचंही कौतुक केलं,
मी मान खाली घातली, बरं वाटलं.

दिवे लागल्यावर दोघी थांबल्या होत्या.
शेवंता अडागळे, कासेवाडी. बरोबर मुलगी,
तिनं मोबाइलवर जाहिरातीचा तुकडा बघून
चालीवरून ओळखलं होतं.
"खिडकीतले ते आमचे. फेब्रुवारीत गेले.
फोटो आहे लग्नातला, पण तो हलत नाही ना.
एवढं जरा स्पष्ट करून मिळेल का?"

मी समजावलं. म्हणजे तोंड उघडलं आणि
लेन्स, आकडे, असं काहीतरी बोललो.
जे तेव्हा धूसर घेतलं ते नंतर स्पष्ट होत नाही, ताई.
"असं होय," ती म्हणाली.
"मग तसंच दाखवा."

प्रोजेक्टरवाला जिन्यावर विडी ओढत होता, त्याला बोलावलं.
एकदा लावलं. पुन्हा लावलं.
कप, मग डोळा, आणि मागे
पिवळ्या ठिपक्यांत एक खाकी डाग, येतो, जातो.
तिसऱ्यांदा ती उठून पडद्याजवळ गेली,
तिच्या पाठीवर नटीचा डोळा आला.

"डाव्या हातानं झाडतायत," ती म्हणाली.
मुलगी म्हणाली, "नाही गं, तसं दिसतंय."
"डाव्याच. ते उजवे होते.
म्हणजे खांदा तेव्हापासूनच दुखत होता,
आणि मला म्हणायचे, काही नाही गं, काही नाही."

नऊ टेक मी त्याच खिडकीकडे तोंड करून उभा होतो.

वही अजून आहे. शॉट सातच्या ओळीत
दोन आकडे आहेत, माझ्याच नीटस अक्षरात.
खिडकीपासून तो किती लांब होता,
पंधरा फूट, वीस, ते मला आजही सांगता येत नाही.
टेप तीस फुटांची होती.