लेखकांसाठी सूचना

सूचनांची पानं एकोणीस, माझा पेपर पंधरा.
सागरमाळावरच्या खोलीत, टेबलफॅनखाली,
मी आधी समास ओढून घेतो,
चहूबाजूंनी अडीच सेंटीमीटर.
घेतो. आमच्यात बायकाही घेतोच म्हणतात.
आलो, गेलो, जेवलो.
पुण्याच्या मैत्रिणी अजून हसतात.

पेपरात तो प्रश्न मिटला.
तिथं कुणी येत नाही, कुणी जात नाही,
शियेच्या गुऱ्हाळावर पहाटे चारला
चिपाडाच्या धुरात डोळे चोळत कुणी उभं नसतं.
नमुने घेण्यात आले.
रानभेंडीचा बुळबुळीत रस मिसळण्यात आला.
मळी काढण्यात आली.

तातोबा खाड्यांची पद्धत अशी:
काहिलीतला थेंब गार पाण्यात सोडायचा,
दोन बोटांत वळायचा,
पितळीच्या काठावर मारायचा.
टण् वाजला की, "गोळी बसली. हं, उतरवा!"
मी लिहिल्या होत्या चार ओळी.
शिंत्रे मॅडमनी तांबड्या केल्या:
मोजता येईल असं लिही.
लिहिलं: एकशे अठरा अंश सेल्सिअस.
खोटं नव्हतं ते.
दोन हंगाम त्यांच्या बोटांशेजारी थर्मामीटर धरून
मीच ताडून बघितलं होतं.
बोटं एकदाही चुकली नाहीत.
थर्मामीटर दोनदा बदलावा लागला.

संदर्भ एकसष्ट.
कंसातले आकडे काढून आडनावं घातली,
आद्याक्षरांपुढं टिंब, टिंबापुढं जागा नाही.
चौदावा आणि एकतिसावा, ही एकच बाई.
मधल्या चार वर्षांत लग्न झालं असणार.
वर्णक्रमानं लावल्यावर
ती स्वतःपासून बावीस माणसं लांब गेली.
तिला जवळ आणायची सोय कुठल्याच शैलीत नाही.
मी शोधली.

रात्री साडेदहाला दिसलं, पान सोळा, बारीक टाईप:
लेखकाचा ठावठिकाणा कळेल असं काहीही
मूळ फाईलमध्ये नको.
शोधा आणि बदला.
कोल्हापूर, तेवीस जागा.
एक बटण, आणि तेवीसही ठिकाणी अभ्यासक्षेत्र.
पंचगंगा झाली एक बारमाही नदी.
शिये झालं स्थळ अ.
खिडकीबाहेर, विद्यापीठाच्या अंगाला,
अभ्यासक्षेत्रात मोर ओरडला.

आभार वेगळ्या फाईलमध्ये,
परीक्षकांना दिसणार नाही अशा.
प्रत्येक नावापुढं संस्था हवी.
तातोबांना फोन लावला. हंगाम, जागेच होते.
इंग्रजीत नाव कसं लावता?
"थांब, आधार बघून सांगतो."
मागं चुलवाण धडधडत होतं.
"बँकेत टाटोबा वाचत्यात. ऱ्हाऊ दे तसंच,
टाटा व्हायला काय वाईट हाय?
आणि संस्था कसली गं?
आदण उतरायला आलंय, ठेव."
यादीत चारच पर्याय होते:
विद्यापीठ, शासन, उद्योग, इतर.
इतर दाबलं.
पुढं जाऊन परत मागं आलो. उद्योग केलं.

मुख्य तक्त्यात सोळाच ओळी मावतात.
सतरावा नमुना पुरवणीत पाठवला.
त्या दिवशी ऊस शिळा होता, भेंडी कमी पडली,
रंग आला काळसर, आणि आलेखात
सगळ्यांपासून लांब एक ठिपका.
गोषवारा दोनशे त्रेपन्न शब्द, चालतात अडीचशे.
'अत्यंत' काढला. 'पारंपरिक' काढला.
तिसऱ्यासाठी पाऊण तास गेला.

बारा वाजून दहा मिनिटांनी फाईल गेली.
कपाटात डबा आहे, झाकणावर १७,
तळाशी एक खडा उरलेला.
चहात टाकला.
लॅबमधलं खायचं नसतं, ठाऊक आहे.