घमेली ४१

हुफूफ सोडल्यावर दीड तासाने डांबर संपतं.
तिथून अबू खालिदचा पिकअप, टायरची हवा कमी करून,
रूळ दिसतील तसं जायचं.
रूळ दिसत नाहीत.
तारेचे खांब दिसतात, त्यांवरून अंदाज.

ऐन-तुवेरिफ.
पाटीवरची अक्षरं वाऱ्याने खाल्ली, नुक्ते तेवढे उरलेत,
गोंदणासारखे.

माझं काम साधं. मोजायचं, लिहायचं.
रूळ, मीटरमध्ये. स्लीपर, नग.
पाण्याची टाकी एक, तळ गेलेला.
घंटा नाही. घंटेचा आकडा आहे.
बाक दोन, एकाचा कोपरा दोरीने घासून गुळगुळीत.

अबू खालिद सांगतो, बाप इथूनच जायचा बाजाराला,
मेंढ्या घेऊन. मेंढीला अर्धं तिकीट,
ससाण्याला पूर्ण,
कारण ससाणा खिडकीशी बसायचा.
सांगतो आणि स्वतःच हसतो. खरं किती, कोण जाणे.

मागच्या खोलीत शिरलो तर भिंतीवर पेन्सिलीने
नागरी आकडे.
माझ्या शाळेतले, नऊची शेपटी लांब ओढलेली.

गाडी २. घमेली ४१.
गाडी १. घमेली ६०. शमाल सुटला.
गाडी २. घमेली ५५. दाढ दुखते.
तार आली. मुलगी. घमेली २२, बाकी उद्या.

आणि खिळ्याजवळ, जरा जपून काढलेलं:
कमरुद्दीन परकार, मु. पो. फुरूस, तालुका खेड.

रुळावरची वाळू सारायला ठेवलेला माणूस.
वारा रात्री आणायचा,
हा सकाळी उचलून टाकायचा पलीकडे,
जिथून वाऱ्याला पुन्हा घेता यावी.
चौदा वर्षं. भिंत पुरली नाही,
मजकूर वळून दाराच्या मागे गेलाय.

गाडी नाही. घमेली ४०.
गाडी नाही. घमेली ४३.

सरळ मार्ग दुसरीकडून गेला होता तोवर.
त्याला कुणी कळवलं नसेल,
किंवा कळवलं असेल आणि पगार थांबवायचा राहिला असेल.
पाण्याचा टँकर म्हणे येतच होता.
अकरा महिने असं.
शेवटच्या ओळीत "गाडी नाही. घमेली"
आणि पुढे आकडा नाही.

माझ्या तक्त्यात भिंतीला रकाना नाही.
स्टेशन अख्खं मोडीत निघालंय,
शिक्का दम्मामहूनच मारून आलाय.
हा एकटा नागरीत.

निघताना दाराआड पायाला लागलं ते घमेलंच.
उपडं. कड गंजून झालर झालेली.
उचललं, तर खाली वीतभर फरशी,
लाल, पुसल्यासारखी,
वाळूचा कण नाही.

होतं तसं ठेवलं.
यादीत घेतलं नाही.
अबू खालिद हॉर्न वाजवत होता, अस्रची वेळ टळत होती त्याची.

डांबरावर आल्यावर बूट झाडले.
अर्धं घमेलं सहज भरलं असतं.