वेळ सांगू नका

कोटांच्या कपाटात बसवलं मी त्यांना.
दोन्ही बाजूंना लोकरीचे कोट, मध्ये स्टूल, समोर माइक.
सगळ्या चिलोए बेटावर याहून शांत जागा नाही माझ्याकडे;
पत्र्यावरचा पाऊस इथे जरा लांबून वाजतो.

एलेउतेरिओ बार्रिया. एकतीस वर्षं रेडिओ.
शर्टाचं वरचं बटण लावलं,
माइककडे पाठ करून घसा साफ केला,
आणि म्हणाले,
"सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. नमस्कार, बेटांनो."

मी थांबवलं. वेळ सांगू नका.
"का?"
कोण कधी ऐकेल, माहीत नाही. रात्री दोनला. पुढच्या वर्षी.
"आणि बेटं?"
तीही नकोत. एकाच माणसाशी बोला.
"कोणत्या?"

मी हेडफोनची वायर सोडवत बसले.

त्यांच्या माणसांना नावं होती.
वीस बेटं, टेलिफोन दोन,
आणि दुपारी एक वाजता निरोप.
"केहुईच्या ओफेलिया मान्सियासाठी:
मंगळवारच्या बोटीने येतोय, धक्क्यावर घोडा आण."
"लिन-लिनच्या आबेलार्दोसाठी:
बहिणीचं ऑपरेशन झालं. जेवण मागतेय."
निरोप एकाचा, कान सगळ्यांचे.
बटाटे सोलणारे हात जागच्या जागी थांबत.
आणि मंगळवारी बोट लागली की धक्क्यावर घोडे तीन,
कारण ओफेलियाचा लंगडतो
हे शेजाऱ्यांना ठाऊक.

माझं सगळं उलटं.
मी ओळखत कुणालाच नाही
आणि बोलते एका उशीवरून बोलावं तशी.
"तू" म्हणते. मांजराचं दुखणं सांगते.
अडखळले तर हसते, ते हसूही ठेवते.
बार्रिया एकदा अडखळले होते, एका बिशपच्या नावावर.
अजून सांगतात, मान खाली घालून.

आणि गप्प राहणं? तो तर गुन्हा.
चार सेकंद आवाज नाही
म्हणजे लोक समजत, जनरेटर गेला.
किंवा सरकार.

तिसऱ्या बैठकीत मी विचारलं,
जड गेलेला एखादा निरोप?
"'एतेल्विना, वाट बघू नकोस.'
एवढाच. खाली नाव, रोसामेल.
दहा शब्दांचे पैसे भरले होते त्याने."
मग?
"मग काय. वाचला. आवाज न बदलता वाचला.
ती ओहोटीला शिंपले खणायला गेलेली.
सगळ्या बेटाला कळलं, तिला सोडून.
टोपली घेऊन परतली तर दारात चार बायका,
हातात गरम पाव,
आणि एकीलाही..."

इथे ते थांबले.
चार सेकंद. सात.
त्यांचा उजवा हात कोटांत काहीतरी चाचपत होता,
खटका असावा, जुन्या टेबलाचा.
नऊ.
स्वयंपाकघरात फ्रीज घरघरला.
अकरा.
"पाऊस वाढला," म्हणाले.

रात्री पडद्यावर पाहिला तो तुकडा,
सपाट, पाणी मागे गेलेल्या वाळूसारखा.
कात्री वर नेली. ठेवून दिली.

भाग सतरावा. ऐकणारे दोनशे बारा.
कुणी अकराव्या मिनिटाला सोडून गेलं.
बस आली असेल. किंवा बाळ उठलं असेल.
पुंता आरेनासहून एकीने लिहिलं,
रात्रपाळीला सामन मासे भरते ती, बर्फाच्या पेट्यांत:
"तिथे थांबवलं. बाहेर जाऊन आले.
मग ते गप्प राहणं पुन्हा ऐकलं."
नाव लिहिलं नाही.

बार्रियांना वाचून दाखवलं.
त्यांनी कागद मागितला, घडी केली, खिशात ठेवला.
मग म्हणाले, दोनशे बारा बरेच झाले.
त्यातले धक्क्यावर किती येतील?

मी म्हटलं, चहा टाकते.

कपाटातून उठताना, गुडघ्यावर हात टेकून,
सवयीने म्हणाले,
"चार वाजून दहा मिनिटं."
माइक चालूच होता.