तिथीची पाऊणपट

आयोजक समितीस,
पक्षाघात परिषद, रत्नागिरी.
अर्ज मिळाला. सत्र सहभागाचं हवं म्हणता,
श्रोत्यांना पेंग येऊ नये असं.
जेवणात आमरस असेल तर कठीण आहे.
बघते.

साधनं लिहून घ्या:
बटणांचे सदरे, डॉक्टर जितके तितके.
उजवा हात पाठीशी बांधायला सुती नाड्या.
सोलकढीचे पेले, काठोकाठ.
ओठाची एक बाजू बधिर करता आली तर उत्तम,
नाहीतर नुसतं समजा
की ओघळ हनुवटीवर आलाय
आणि समोर नवी सून वाढते आहे.
(दहा मिनिटं. हसू द्यावं. आधी हसतातच.)

मग पडदा न लावता, दिवे न मालवता
धर्माजी पालशेतकर येतील, जयगडची फेरीबोट धरून.
त्यांना काहीही विचारा.
नाव? अडीच.
चहा घेणार? अडीच.
हात दुखतो का? अडीच, अडीच, आणि एक शिवी
जी फक्त भुवयांत असते.
बायकोचं नाव विचारलंत तर थांबतील,
मग हळू, लाडानं: अडीच.
विसाव्या मिनिटाला तुम्हाला त्या एका शब्दाचे
चार-पाच अर्थ कळू लागतील.
हे पहिलं उद्दिष्ट.
दुसऱ्याला रकान्यात जागा नाही, पाठीमागे लिहिते.

बंदरावर लिलाव चालला होता.
तिसरी पाटी, सुरमई.
अडीच, म्हणाले धर्माजी, आणि पुढचं हजार आलंच नाही.
लोक थांबले. मुरलेला तांडेल, भाव चढवतोय.
कुणीतरी सव्वीसशे म्हणालंसुद्धा.
तोंड वाकडं झालं तेव्हा वाटलं, रागावला.
पाटीवर कलंडले तेव्हा कळलं
की अंगावरून वारं गेलं,
आणि ज्यानं जन्मभर मतलई अन् खारं वारं
गालावर ओळखलं,
त्याला हे कुठून आलं ते कळलं नाही.

अपघात विभागात माझी पाळी होती.
किती वाजता झालं, मी विचारलं.
द्वारकाबाईंच्या हातात घड्याळ नव्हतं.
"दशम व्हती. भरती नुकतीच भरलेली."
मी घाटावरची, फलटणची. मला वाटलं बाई भांबावली.
केसपेपरवर लिहिलं, वेळ: अज्ञात.
ज्याची वेळ अज्ञात
त्याला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन नाही.
नियम चांगला आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तीन वर्षांनी खाडीवर गळ टाकून बसलेल्या एका पोरानं
सहज सांगितलं:
तिथीची पाऊणपट करा, सिस्टर, तेवढ्याला भरती.
चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा.
दशमी मी तिथेच बोटांवर मोजली.
साडेसात.
ते दारात आले तेव्हा आमच्या घड्याळात अकरा.
साडेचार तासांतले साडेतीन गेलेले.
एक उरला होता.
माझ्या सुवाच्य अक्षरात तो अज्ञात झाला.

तर खेळ असा: प्रत्येक टेबलाला एक चिठ्ठी.
'पंचमी, अर्धी ओहोटी.'
'फजरची बांग झाली, त्यापाठोपाठ.'
'दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, पाणी चढून थांबलं तेव्हा.'
घड्याळाची वेळ काढायची.
मोबाइल गोळा करू. भिंतीवरचं पंचांग चालेल,
शेजाऱ्याला विचारलेलं चालेल,
चहावाल्याला विचारलंत तर जास्त गुण.
जे टेबल 'अज्ञात' लिहील
त्यानं उठून ते द्वारकाबाईंना समजावून सांगायचं.
त्या पहिल्या रांगेत असतील. ओरडणार नाहीत.
पदर खांद्यावर घेऊन नीट ऐकतील,
जसं माझं ऐकलं.

शेवटचा रकाना: कालावधी.
एक तास.
जेवणानंतरचा दिलात तरी चालेल.
फक्त धर्माजींची परतीची फेरीबोट चुकू देऊ नका,
तिची वेळ मला विचारू नका, त्यांना विचारा.
बोटांनी दाखवतील.

प्रमिला ननावरे,
अधिपरिचारिका